राजुरीच्या विहिरीतला हिरवा खडा

जुन्नरला मी आलो तो मिठाच्या बैलांबरोबर, नाणेघाट चढून. आमचं घर खाली खाडीकाठी, मिठागरांच्या गावात. वडील गेले तशी माझी शाळा दुसरीतच सुटली, आणि पुढची सगळी वर्षं मिठाच्या गोण्या भरण्यात गेली. अंगात ताकद आली तेव्हा तांड्याबरोबर घाटावर निघालो. जुन्नरच्या बाजारात हिवतापानं मला असं धरलं की उभं राहवेना. तांडेवाल्यांनी मला एका दुकानाच्या ओट्यावर निजवलं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि ते पुढे गेले. त्यांना तरी काय दोष द्यायचा? बैल थांबवून ठेवता येत नाहीत.

तो ओटा उस्तादांचा होता. शुद्धीवर आलो तर अंगावर घोंगडी, आणि समोर एक दाढीवाले गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. म्हणाले, "मीठवाल्या, मरायचंच होतं तर पुढच्या दुकानापर्यंत तरी जायचं होतंस. इथं आधीच गिऱ्हाईक येत नाही."

हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तेव्हापासून त्या घरात माझं नाव मीठवाल्या झालं.

त्यांच्या बायकोला मी चाची म्हणू लागलो. पहिले काही दिवस तिनं माझ्यासाठी पीठ, मीठ, सरपण वेगळं आणून ठेवलं. "तुझं तू शिजव बाबा. माझ्या हातचं खाल्लंस तर तुझी आई तिकडून मला शिव्या देईल." ताप पुरता उतरल्यावर मीच थाळी घेऊन तिच्या चुलीपाशी जाऊन बसलो. तिनं काही विचारलं नाही. भाकरी वाढली. त्या घराचं माझ्यावर किती आहे हे सांगायला बसलो तर हा कागद पुरायचा नाही. आणि तरीही तिथं मी सतत भीत असे. आपण इथले कोणी नाही, उद्या जा म्हणाले तर कुठे जाणार, हे मनात घोळत असायचं.

उस्ताद हक्काक होते, म्हणजे दगड कापून घासून त्यांचे खडे करणारे. अंगठीचे खडे, तसबीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी, नाव कोरलेल्या मोहरा. दगड मुख्यतः अकीक. तो घोडनदीच्या पात्रात सापडे. उन्हाळ्यात नदी आटली की आम्ही डिंभ्याच्या बाजूला जाऊन पोती भरून आणायचो. आणताना तो अगदी मातकट, करडा, कोणी पायानं लाथाडावा असा. महिनाभर उन्हात वाळवायचा. मग मडक्यात राख आणि दगड एकावर एक गच्च भरायचे, तोंड लिंपायचं, भोवती गोवऱ्या रचून पेटवायच्या. मडकं आपोआप गार होईपर्यंत उघडायचं नाही. उघडलं की तेच करडे दगड आतून लाल होऊन निघत, पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रंग लावलाय का म्हणून एक ओल्या बोटानं घासून बघितला होता.

"दगड पण फळासारखाच असतो," उस्ताद म्हणायचे. "जमिनीत कच्चा. त्याला पिकवायचा आपण."

कामाला ते दोघं, उस्ताद आणि त्यांचा मुलगा. मी चाकाचा पट्टा ओढायचो. चाक फिरायचं, त्यावर कुरुंदाची ओली भुकटी, आणि काडीला गरम लाखेनं चिकटवलेला दगड त्यावर टेकवायचा. मुलगा माझ्याच वयाचा. मी त्याला भाई म्हणे. त्याच्या बोटांत जे होतं ते उस्तादांच्याही बोटांत नव्हतं, असं उस्ताद स्वतः म्हणत, पण तो समोर नसताना.

मी गेलो त्या सुमारास बाजारात जर्मन काचेचे खडे आले होते. लाल, हिरवे, निळे, सगळे सारखे, चकचकीत, साच्यातून काढल्यासारखे. आमचा एक खडा घासायला जो वेळ लागे तेवढ्यात त्या व्यापाऱ्याचा डबा रिकामा व्हायचा. गिऱ्हाईक हातात घेऊन दोन्ही बघे आणि काच घेऊन जाई. त्याला तरी काय कळणार? लांबून दोन्ही लालच.

मग एक दिवस भाईनं जेवताना सांगितलं की तो आफ्रिकेला जाणार. तिकडे रेल्वे टाकत होते, माणसं नेत होते. मुंबईहून पावसाळ्याआधी बोट होती. चाची उठून आत गेली. उस्ताद जेवत राहिले. हात धुताना म्हणाले, "काम नाही म्हणून चाललास. काम आलं तर?"

"कुठून येणार, अब्बा?"

"आलं तर राहशील?"

भाई काही बोलला नाही. उस्तादांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. त्या दिवसापासून त्या घरात एकच गोष्ट होती: भाई जाणार की राहणार. चाची नमाज पढायला बसली की तेच मागत असणार, आणि मी पट्टा ओढताना तेच. माझी भीती मात्र दुहेरी होती. भाई गेला तर कारखाना बंद, मग मला कोण ठेवील. आणि राहिला, कामं वाढली, तर कोणी शिकलेला कारागीर आणतील, मग माझं काय. असले विचार करणाऱ्या माणसाला लाज वाटायला हवी, पण भीतीला लाज नसते.

उन्हाळा तापला होता तेव्हा राजुरीचा एक शेतकरी आला. घरंदाज माणूस, स्वतःची जमीन. त्याच्याकडे विहिरीचं काम चाललं होतं. डोक्यावरची पाटी त्यानं ओट्यावर ठेवली, वरचं फडकं काढलं, आणि घाम पुसत म्हणाला, "उस्ताद, आमी पाणी मागितलं व्हतं. देवानं ह्ये दिलं. बघा जरा काय हाय त्ये."

पाटीत गवतात ठेवलेले खडे होते. काही सुटे, काही काळ्या खडकाच्या कपचीवर उगवल्यासारखे. खाली पांढऱ्या-गुलाबी पाकळ्यांसारखा थर, आणि त्यातून वर आलेले हिरवे, आरपार दिसणारे, चौकोनी खांब. हिरवा म्हणजे गडद नाही. कोवळ्या कैरीच्या सालीतून उन्हाकडे बघावं तसा.

"सुरुंग उडवला तर आत पोकळी," शेतकरी सांगत होता. "हात घातला तर थंडगार. आमचा गडी भ्यालाच, म्हनला नाग हाय. म्हनलं राव, नाग आसा टोकदार आस्तोय व्हय?"

"अजून आहेत?" उस्तादांनी विचारलं.

"न्हाई. त्याच्या म्होरं दुसरा सुरुंग लावला, सगळा चुरा झाला. खाली निसता काळा दगूड. ह्ये तेवढं पोरांनी भायेर काढलं व्हतं. तुमाला काय उपेग आसंल तर ठिवा. मला पाणी लागलं म्हंजी झालं."

तो चहा न घेताच गेला. अंधार पडायच्या आत त्याला राजुरी गाठायची होती. उस्तादांनी सगळ्यात मोठा खडा उचलला, दाराच्या उजेडात धरला. फिरवून फिरवून पाहिला. "पन्ना," ते हळूच म्हणाले. मग भाईकडे बघून मोठ्यानं, "पन्ना असेल तर?"

भाई जवळ आला. तो बापासारखा घाई करणारा नव्हता. त्यानं एक लहान, टवका उडालेला खडा घेतला आणि ओट्यावर बसला. मी पट्टा सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. आधी त्यानं तो तळहातावर तोलला, दुसऱ्या हातावर तेवढाच अकीक. "हलका आहे," म्हणाला. मग बाजू मोजल्या. पन्ना म्हणजे पाचू. त्याचा खडा जन्मतःच सहा बाजूंचा असतो, हा चौकोनी. चारी बाजूंवर वरून खाली सरळ बारीक रेघा, नख फिरवलं तर लागाव्यात अशा. मग खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा आणून त्यावर खड्याची कड दाबून ओढली. काचेवर ओरखडा उठला नाही, पांढरी पूड मात्र राहिली, आणि ती पूड खड्याचीच होती. शेवटी चाकूचं टोक खड्यावर जोर देऊन फिरवलं. रेघ पडली.

"पन्ना काच कापतो, अब्बा. याला चाकू कापतोय."

उस्ताद ऐकत होते, पण त्यांचे डोळे खड्यावरून हलत नव्हते. मी एक खडा घेऊन उलटसुलट केला. त्याचा वरचा सपाट माथा बाजूंसारखा काचेरी नव्हता. तिरपा केला की त्यावरून एक पांढरट, मोतिया चमक सरकत जायची. आमच्याकडे कालवं फोडतात, त्या शिंपीला आतून असते तशी. नाहीतर बाजारात पडलेल्या माशाच्या डोळ्यावर उन्हाची तिरीप आली की दिसते तशी. मी तसं बोललो. भाई हसला. "मीठवाल्याला सगळीकडे मासेच दिसतात." पण त्यानं तो खडा माझ्या हातून घेतला, माथ्याच्या रेषेत चाकूचं पातं ठेवून हलकी टिचकी मारली. वरचा पापुद्रा आरशासारखा गुळगुळीत सुटून आला. पुन्हा मारली, पुन्हा एक. वहीची पानं सुटावीत तसा.

"याला चाकावर धरलं की असाच सुटत जाईल," भाई म्हणाला. "हा घासायचा दगड नाही. आहे तसाच छान आहे. घोडेगावकडे सरकारी साहेब तंबू ठोकून बसलेत म्हणे, दगड बघत फिरतात. खडकासकट आहे तसे घेतील."

"आहे तसे?" उस्ताद एवढे चिडलेले मी क्वचितच पाहिले. "उकिरड्यावरनं उचलून विकायला मला काय झाडूवाला समजतोस? हक्काकाचं पोर तू. त्याला पैलू कोण पाडणार? साहेब?"

"मऊ आहे तो, अब्बा."

"मऊ आहे कारण कच्चा आहे! अकीक नदीतनं आणतोस तेव्हा लाल असतो? हा तर खडकाच्या पोटातनं काढलाय, ऊन पाहिलेलं नाही त्यानं. याला आच दे. घट्ट होईल, रंग भरेल."

हे ऐकून आज कोणी हसेल. मी हसलो नाही. मी मडक्यातून लाल दगड निघताना पाहिले होते. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हाच गडद हिरवे, काच कापणारे खडे होते, चाक दिवसभर फिरत होतं, आणि भाई चाकावर बसला होता.

"एक टाकून बघा आधी," भाई म्हणाला.

"एकट्या दगडाला सारखी आच लागत नाही. मडकं गच्चच भरावं लागतं, हे तुला मी सांगायचं?" आणि ते खरं होतं, अकिकाच्या बाबतीत. तशीच रीत होती. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं, त्यांच्याही वडिलांनी. महिनाभर वाळवायला मात्र वेळ नव्हता. भाईचं निघायचं ठरलेलं होतं. चार दिवस छपरावर ऊन दाखवलं, तेवढंच.

मडकं भरताना भाई पुढे आला नाही. मी राख चाळून दिली. उस्ताद एकेक खडा पुसून, निवडून ठेवत होते. कपचीवरचे सुद्धा त्यांनी छिन्नीनं सुटे करून घेतले. टवके उडालेले तेवढे बाहेर राहिले. दुपारची नमाज झाल्यावर परसात गोवऱ्या पेटवल्या. थोड्या वेळानं मडक्यातून बारीक तडतड ऐकू येऊ लागली. अकीक कधी तसा वाजत नाही. उस्ताद म्हणाले, "पाणी चाललंय त्यातलं. चांगलंय." चाचीनं दारातून विचारलं, "बरं चाललंय ना?" त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं गार झालं. भाई आपणहून आला. उस्तादांनी लिंपण फोडलं, हात आत घातला आणि वर काढला. बोटांना पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं. राखच असेल म्हणून त्यांनी फुंकर मारली. ते उडालं. अभ्रकासारखे पातळ पापुद्रे, पांढरे, निस्तेज, उन्हात तरंगत खाली आले. त्यांनी मडकं पालथं केलं. लाह्यांसारखा ढीग. त्यात हिरवं कुठेच नव्हतं. एखादा खडा आकारानं तसाच राहिला होता, पण दुधासारखा पांढरा, आणि बोट लावताच पानं-पानं होऊन कोसळत होता. उस्ताद बोट लावतच राहिले. एकेकाला. जणू एखादा तरी टिकेल.

भाई म्हणाला, "अब्बा, उठा. हात धुवा."

त्या दगडाचं नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं. काही कामानं पुण्याला गेलो होतो. एका कॉलेजात दगडांची कपाटं बघायला लोकांना सोडत होते. काचेआड तोच हिरवा, चौकोनी, मोतिया माथ्याचा खडा. चिठ्ठी इंग्रजीत होती, शेजारच्या विद्यार्थ्याला वाचून दाखवायला सांगितली. अपोफिलाइट. तो चांगला मुलगा होता, त्यानं सगळं सांगितलं. गारगोटीच्याच कुळातला, पण घडणीतच पाणी धरून असलेला. आच लागली की ते पाणी वाफ होऊन निघतं आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. नावाचा अर्थही तसाच काहीतरी, पानं गळणारा. "माशाच्या डोळ्याचा दगड असंही म्हणतात याला," तो म्हणाला. "पण आजोबा, दागिन्यात फारसा चालत नाही. ठेवणीतला दगड आहे. नुसता बघायचा." मी त्याचे आभार मानले आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहिलो.

त्या उन्हाळ्यात भाई निघाला तेव्हा मी त्याचं गाठोडं घेऊन नाणेघाटापर्यंत गेलो. उस्ताद आले नाहीत. त्यांनी अंगणात त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत वळले. चाचीनं त्याच्या दंडाला सुखरूप प्रवासासाठीचा बाजूबंद बांधला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला, तरी तिचं मन भरेना. वाटेत आम्ही फारसं बोललो नाही. घाटाच्या तोंडाशी वारा असा येतो की उभं राहणं कठीण. खाली कोकण धुरकट पसरलेलं, आणि त्याच्या टोकाला जिथं काहीच दिसत नाही तिथं माझं गाव.

मी म्हणालो, "तो दगड पिकला असता तर बरं झालं असतं."

"पिकला असता तरी मी गेलो असतो."

मी गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"खरा पन्ना निघाला असता तरी," तो म्हणाला. "माझा काका तू पाहिला नाहीस. अब्बांचा भाऊ. याच चाकावर बसायचा. शेवटी श्वास घेताना त्याच्या छातीत वाळू सरकल्यासारखा आवाज यायचा. आजोबांचाही तसाच, असं आई सांगते. दगडाची धूळ आहे ती, मीठवाल्या, बाहेर पडत नाही. अब्बा सकाळी खोकतात ते ऐकतोस ना तू?"

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुमच्या कामानं माणूस मरतो म्हणून? त्यांच्याजवळ दुसरं काय आहे?" त्यानं माझ्याकडून गाठोडं घेतलं. "तूही चल. पट्टा ओढणाऱ्याच्या नाकात धूळ काय कमी जाते होय? तुझं घर तर खालीच आहे."

मी नाही गेलो. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्या ओट्यावर मी मेलो असतो, हे एक. आणि खाली माझी वाट बघणारं आता कोण उरलं असेल याची खात्री नव्हती, हे दुसरं. भाई दगडी वाटेनं उतरत गेला. वळणाशी एक मोठी शिळा आहे, तिच्याआड गेला की माणूस पुन्हा दिसत नाही.

परत आलो तर उस्ताद ओट्यावर बसून होते, कामाला हात लावलेला नव्हता. मी समोर बसलो. ते म्हणाले, "मी जाळलं. त्याचं ऐकलं असतं तर आज इथं बसला असता."

मला वाटलं, हे ओझं तरी त्यांच्या छातीवरून उतरवावं. धुळीचं, छातीचं बोलणं मी गिळलं, बाकीचं सांगितलं. "उस्ताद, तो जाणारच होता. माझ्याजवळ बोलला. दगड पन्ना निघाला असता तरी गेलो असतो म्हणाला. तुमच्यामुळं नाही गेला तो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतलंय. मग मायेनंच, लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "तू भला माणूस आहेस, मीठवाल्या. माझं मन राखायला बोलतोस." आणि खोकला आला, तो थांबेना. चाची पाणी घेऊन आली.

मी पुन्हा एकदा सांगून पाहिलं, काही दिवसांनी. त्यांनी हातानंच मला गप्प केलं. पुढे आफ्रिकेहून काही खबर आली नाही, ना बरी ना वाईट. मुलाची चौकशी करायला कोणी आलं, मोमीन आळीतले कागद बनवणारे कागदी असोत की राजुरीचा तो शेतकरी, उस्ताद त्याला बसवून घेत आणि सांगत: राहणारच होता पोरगा, शब्द दिला होता, पण माझ्या हातून आच जास्त झाली. दरवेळी आच थोडी जास्त, दगड थोडा जास्त हिरवा. पाहुणा माझ्याकडे बघे, खरं का म्हणून. मी मान डोलवायचो आणि पट्टा ओढायचो.